मागच्या हप्त्यांच्या धाकाने वॉर्ड ऑफिस टाळू नका

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची. तीन वर्षांपासून टोकियोत, एदोगावा वॉर्डात निशिकासाईजवळ राहते. माझे मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत. एप्रिलअखेर त्यांच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात यांची नोकरी गेली आणि कंपनीचा विमाही बंद झाला. वॉर्डात जाऊन सरकारी विम्यात नाव घालावं लागतं हे कळेपर्यंत जून उजाडला. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, "आता गेलात तर मागचे सगळे पैसे एकदम मागतील. नवी नोकरी लागली की कंपनी विमा देईलच, मधल्या महिन्यांचं कुणी विचारत नाही." म्हणून भारतातून एक ट्रॅव्हल पॉलिसी ऑनलाइन घेतली आणि गप्प बसलो. आता ऑक्टोबर आहे. मुलाखती चालू आहेत, हातात काही नाही. मला दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. मागच्या आठवड्यात उलट्या थांबेनात म्हणून सलाईन लावावं लागलं. सगळं बिल रोख भरलं. पॉलिसीवाल्यांनी गरोदरपण यात बसत नाही म्हणून हात वर केले. वॉर्डात जाऊ या म्हटलं की हे चिडतात. दंड होईल, व्हिसावर येईल म्हणतात. घरी कुणालाच नोकरी गेल्याचं सांगितलेलं नाही. बाळंतपणाला सासूबाई येणार आहेत, त्यांना शुगर आहे. त्यांचं नाव इथल्या विम्यात घालता येईल का? आणि आत्ता आम्ही काय करावं?
– एक वाचक, टोकियो

उत्तर

उद्या सकाळी वॉर्ड ऑफिसला जा. मिस्टर आले तर उत्तम, नाही आले तर तुम्ही एकट्या जा. एकाच घरात नोंद असलेल्या माणसाला दुसऱ्याची नोंदणी करता येते. बाकी सगळं सविस्तर सांगते, पण हे आधी, कारण तुमच्या बाबतीत एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलेलं अर्धं खरं आहे. मागचे पैसे मागतात, हे खरं. पण त्यातून "म्हणून जाऊ नका" हे जे निघालं, ते साफ उलटं आहे. आपल्याकडे मेडिक्लेम घेतला की सुरू, नाही घेतला की नाही. जपानचा सरकारी आरोग्य विमा तसा नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा राहण्याचा परवाना आहे, वॉर्डात पत्ता नोंदलेला आहे आणि कंपनीचा विमा नाही, अशा माणसाला कोकुमिन केन्को होकेन, म्हणजे रोजच्या बोलण्यातला कोकुहो, कायद्यानेच लागू होतो. वैद्यकीय उपचारासाठी आलेले वगैरे थोडे अपवाद आहेत, त्यांत तुम्ही बसत नाही. एप्रिलअखेर नोकरी सुटली, म्हणजे १ मेपासून तुम्ही दोघं कोकुहोत आहात. अर्ज भरलेला नाही, एवढंच. सोसायटीत फ्लॅट असला की लिफ्ट वापरा न वापरा, मेंटेनन्स चढतच राहतो, तसा तुमचा हप्ता मे महिन्यापासून चढतो आहे. खिडकीवर गेलात म्हणून तो लागणार नाही आणि गेला नाहीत म्हणून टळणारही नाही. खाजगी पॉलिसी घेतली म्हणूनही सूट नाही.

हप्ता मागच्या तारखेपासून लागतो, पण उपचाराचा लाभ मागच्या तारखेपासून मिळत नाही. कंपनीचा विमा सुटल्यापासून १४ दिवसांत वॉर्डात कळवायचं असतं. त्यानंतर सबळ कारण नसताना उशीर केला, तर नोंदणीच्या आधीचा दवाखान्याचा खर्च साधारणपणे आपल्याच खिशातून जातो. म्हणजे मे ते ऑक्टोबर तुम्ही हप्त्याचे देणेकरी आहात आणि तरी सलाईनचं पूर्ण बिल तुम्हीच भरलंत. अजून दोन महिने थांबलात तर आणखी दोन महिने हेच चालेल. वाट पाहण्यात वाचत काहीच नाही, जातं मात्र खूप, आणि तेही नेमकं गरोदरपणात.

टोकियोच्या वॉर्डांत मागचा हप्ता २ वर्षांपर्यंत लावता येतो. जिथे तो कर म्हणून घेतात अशा गावांत ३ वर्षांपर्यंत. तुमचे जेमतेम सहा महिने आहेत आणि ते सगळे याच आर्थिक वर्षातले आहेत. हिशेब एप्रिल ते मार्च असा असतो. त्यामुळे आत्ता नोंदणी केलीत तर मेपासूनची रक्कम मार्चपर्यंतच्या उरलेल्या हप्त्यांत वाटून येईल. एकदम सगळे द्या, असं सहसा होत नाही.

रकमेची जी धडकी मिस्टरांनी घेतली आहे, तिच्याबद्दल आता बोलू. कोकुहोचा हप्ता मागच्या वर्षीच्या जपानमधल्या उत्पन्नावर ठरतो. म्हणूनच नुकता आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी थोडक्यात सुटतो आणि चांगल्या पगाराची नोकरी नुकतीच सुटलेला माणूस आकडा बघून हबकतो. पगार बंद, आणि हप्ता मात्र पगार होता तेव्हाचा. शिवाय कंपनीच्या विम्यात, म्हणजे शाकाई होकेनमध्ये, निम्मा हप्ता कंपनी भरत होती आणि तुम्ही पत्नी म्हणून त्यात फुकट होतात. कोकुहोत आश्रित अशी सोयच नाही. घरातल्या प्रत्येक डोक्यामागे ठरावीक रक्कम असते आणि सगळं मिळून बिल कुटुंबप्रमुखाच्या नावाने येतं.

पण ज्याला कंपनीने काढलंय त्याच्यासाठी मोठी सवलत आहे, आणि ती आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना माहीत असते याचं मला खरंच वाईट वाटतं. स्वतःहून राजीनामा न देता कंपनीच्या कारणाने नोकरी गेली असेल आणि वय ६५च्या आत असेल, तर हप्ता ठरवताना मागच्या वर्षीचं पगाराचं उत्पन्न फक्त ३० टक्के धरतात. समजा मिस्टरांचा वर्षाचा पगार ६० लाख येन होता. नोकरदारांची ठरावीक वजावट जाऊन त्याचं उत्पन्न ४३ लाख ६० हजार धरलं जातं. सवलत मिळाली की तेच साधारण १३ लाख धरतात. हप्त्यात केवढा फरक पडेल बघा. ही सवलत नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत चालते. उशिरा अर्ज केला तरी मागच्या महिन्यांना लागू होते. पण ती आपोआप लागत नाही, मागावी लागते.

त्यासाठी हॅलो वर्क या सरकारी रोजगार कार्यालयाचा बेकारी भत्त्याचा कागद लागतो. पत्रात तुम्ही भत्त्याचं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मला शंका येते की मिस्टर तिकडेही गेलेले नाहीत. गेले नसतील तर याच आठवड्यात पाठवा. पगाराच्या पावतीवर कोयो होकेन, म्हणजे बेकारी विमा, या नावाची कपात होत असेल, तर भत्त्यावर त्यांचा हक्क आहे, परदेशी असले तरी. कंपनीने काढलेल्या माणसाला आधीच्या वर्षात सहा महिने कपात झालेली असली तरी चालते, आणि राजीनामा दिलेल्यांना जे जास्तीचं थांबावं लागतं तेही त्याला लागू नाही. भत्ता नोकरी सुटल्यापासून एका वर्षाच्या आतच उचलावा लागतो. त्यातले सहा महिने तुम्ही असेच घालवलेत.

तिथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. कंपनी जो रिशोकुह्यो नावाचा कागद देते, त्यावर नोकरी सुटण्याचं कारण लिहिलेलं असतं. 'काइशा त्सुगो' म्हणजे कंपनीच्या कारणाने, 'जिको त्सुगो' म्हणजे स्वतःच्या कारणाने. काही कंपन्या काढताना गोडीगुलाबीने राजीनाम्यावर सही घेतात आणि कागदावर जिको त्सुगो टाकतात. तसं झालं असेल तर हॅलो वर्कच्या माणसाला स्पष्ट सांगायचं आणि माणसं कमी करत असल्याची ईमेल, पत्र, जे असेल ते दाखवायचं. कारण बदलून घेता येतं. त्या एका नोंदीवर भत्ताही अवलंबून आहे आणि कोकुहोची सवलतही.

हॅलो वर्कचा कागद हातात यायला वेळ लागेल. त्यासाठी वॉर्डातली नोंदणी अडवून ठेवू नका. आधी नोंदणी, मग कागद आला की सवलतीचा अर्ज.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, म्हणजे मिस्टरांची भीती कमी होईल. मी टोकियोत राहत असताना आपल्या बायकांबरोबर दुभाषी म्हणून कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जात असे, त्यामुळे ती खिडकी माझ्या ओळखीची आहे. दाराशी स्वागत कक्ष असतो, तिथे "कोकुहो नी कान्यू शिताई देस" एवढं म्हणा. कोकुहोत नाव घालायचंय, असा त्याचा अर्थ. नंबराची चिठ्ठी मिळेल. दोघांची रेसिडेन्स कार्डं, पासपोर्ट, माय नंबर कार्ड (तिथलं सरकारी ओळखपत्र) आणि कंपनीचा विमा संपल्याचा दाखला बरोबर घ्या. या दाखल्याला शिकाकु सोशित्सु शोमेइशो म्हणतात. जुनी कंपनी तो देत नसेल, फोन उचलत नसेल, तर तिच्या पाया पडत बसू नका. विमा सुटल्याची तारीख पेन्शन कार्यालयाकडे, म्हणजे नेन्किन जिमुशोत असते आणि तिथून तसा कागद मागता येतो. भाषेची अडचण आली तर दुभाषी मागा. टोकियोच्या बऱ्याच वॉर्डांत फोनवर किंवा टॅबलेटवर दुभाष्याची सोय असते.

खिडकीमागचा कर्मचारी तुमच्या तारखा बघेल, यादी करेल, मग कॅल्क्युलेटर तुमच्याकडे फिरवून आकडा दाखवेल. सहा महिने कुठे होतात असं दरडावून विचारणारं मला तिथे कुणी भेटलेलं नाही, आणि उशिरा आल्याबद्दल दंड ठोकलेलाही मी पाहिला नाही. उशिरा येणारे फक्त परदेशी नसतात, जपानी माणसंही असतात. त्यांच्यासाठी हा रोजचा व्यवहार आहे. आकडा झेपत नसेल तर तिथल्या तिथे सांगा: "इचिदो नी हाराएमासेन. बुन्कात्सु देकिमास का?" एकदम भरता येत नाही, हप्ते पाडून मिळतील का? हे विचारणं तिथे मुळीच कमीपणाचं मानत नाहीत. त्यासाठी वेगळी खिडकीच असते. येऊन बोललेल्या माणसाशी ते जुळवून घेतात. बिलं येऊनही जो गप्प राहतो, त्याच्या रकमेवर विलंब आकार चढतो, पुढे बँक खात्यापर्यंत जप्ती पोचू शकते, आणि वर्षभर थकलं तर दवाखान्यात आधी पूर्ण पैसे भरून मग परतावा मागत बसावं लागतं.

तुमचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर ते शून्य असल्याची नोंद आहे ना, हेही विचारा. घरातल्या एकाच्या उत्पन्नाची नोंद नसली तरी कमी उत्पन्नवाल्यांच्या सवलती अडकतात.

कागदी विमा कार्ड आता मिळणार नाही. २ डिसेंबर २०२४ पासून ती नव्याने देणं बंद झालं. तुमच्या माय नंबर कार्डाला विमा जोडून घ्या, किंवा तसं करायचं नसेल तर शिकाकु काकुनिनशो नावाचा कागद देतात, तो दवाखान्यात चालतो.

सलाईनच्या बिलाचं काय? पावती आणि दवाखान्याचा तपशील घेऊन जा आणि विचारा. वर सांगितलं तसं, नोंदणीआधीचा खर्च सहसा मिळत नाही. निर्णय वॉर्डाचा. फार आशा धरू नका, पण विचारल्याशिवाय सोडूही नका.

गरोदरपणाचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण त्यात आपल्याकडच्या बऱ्याच जणी गोंधळतात. जपानमध्ये गरोदरपण आणि सरळ बाळंतपण हा आजार मानत नाहीत. त्यामुळे साध्या तपासणीला आणि नॉर्मल डिलिव्हरीला 'तुम्ही ३० टक्के, बाकी विमा' हा नियम लागत नाही. पण तुमच्यासारख्या विकोपाला गेलेल्या उलट्या, गर्भपाताचा धोका, सिझेरियन, हे उपचार विम्यात बसतात. तिथे ३० टक्के तुमचे, आणि महिन्याचा खर्च फार वर गेला तर उत्पन्नानुसार ठरलेली मर्यादा असते, तिच्या पलीकडचं विमा उचलतो. तिसऱ्या महिन्यात सलाईन लागलेल्या बाईने पुढचे सहा महिने विम्याशिवाय काढावेत, ही कल्पनाच मला सहन होत नाही. मिस्टरांना दुसरं काही पटलं नाही तरी हे वाचून दाखवा.

तपासण्यांसाठी वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात गरोदर असल्याची नोंद करा. तिथे माता-बाल पुस्तिका, बोशी तेच्यो, मिळते आणि तिच्याबरोबर तपासणीच्या सवलतीच्या चिठ्ठ्या, साधारणपणे १४ वेळच्या. त्यांचा विम्याशी संबंध नाही, वॉर्डात पत्ता असला की पुरे. या तुम्ही आधीच घ्यायला हव्या होत्या. नसतील घेतल्या तर त्याच फेरीत उरका.

बाळंतपणाच्या खर्चासाठी विम्याकडून एकरकमी मदत मिळते. एप्रिल २०२३ पासून ती ५ लाख येन आहे, त्याआधी ४ लाख २० हजार होती. पैसे बहुधा थेट हॉस्पिटलला जातात, वरचा फरक आपण भरायचा. टोकियोत बहुतेक ठिकाणी ५ लाखांच्या वर खर्च येतो, तेव्हा हॉस्पिटल ठरवतानाच आकडा विचारा. ही मदत बाळंत होण्याच्या दिवशी तुम्ही ज्या विम्यात असाल तो देतो. तोवर मिस्टरांना नोकरी लागली तर नव्या कंपनीचा विमा देईल, नाही लागली तर कोकुहो. कुठल्याच विम्यात नसाल तर कुणीच देणार नाही.

आणखी एक. जानेवारी २०२४ पासून कोकुहोत गरोदर बाईला तिच्या वाट्याचा हप्ता चार महिने माफ असतो. प्रसूतीच्या महिन्याच्या आदल्या महिन्यापासून मोजून चार. तुमच्या अंदाजे तारखेप्रमाणे मार्च ते जून होतील. बोशी तेच्यो दाखवून अर्ज करता येतो.

बाळ झाल्यावर जन्माची नोंद १४ दिवसांत वॉर्डात आणि बाळाच्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज ३० दिवसांत इमिग्रेशनला. मग बाळाचाही विमा. टोकियोच्या २३ वॉर्डांत मुलांना अठराव्या वर्षापर्यंत, म्हणजे हायस्कूल संपेपर्यंत, विम्यात बसणाऱ्या उपचारांचा खर्च वॉर्डच उचलतो. त्यासाठी मूल आधी विम्यात असावं लागतं.

मध्येच नोकरी लागली तर नवा विमा त्या दिवसापासून सुरू होईल, पण कोकुहो आपण होऊन बंद होत नाही. वॉर्डाला कळवा, नाहीतर दोन्हीकडची बिलं येत राहतील.

आता व्हिसा. "मधल्या महिन्यांचं कुणी विचारत नाही" हे पूर्वी कदाचित खपून गेलं असेल. आज तसं समजून चालू नका. व्हिसा वाढवताना विम्याचा पुरावा दाखवायला सांगतात. कायमच्या वास्तव्याचा अर्ज केलात तर मागच्या दोन वर्षांचे आरोग्य विमा आणि पेन्शन दोन्हींचे हप्ते भरल्याचे पुरावे लागतात, आणि नुसते भरले का हे नाही, वेळेवर भरले का हेही बघतात. २०२४ साली झालेल्या कायद्यातल्या बदलानुसार तर कायमचा परवाना मिळाल्यावरही जाणूनबुजून कर किंवा असे हप्ते बुडवले तर तो काढून घेता येणार आहे. तेव्हा कोकुहोत नाव घातल्याने व्हिसा धोक्यात येत नाही. न घातल्याने येऊ शकतो. परदेशी म्हणून तुम्ही तिथे आगंतुकही नाही. १९६१ साली जपानने प्रत्येकाला विमा मिळेल अशी व्यवस्था पुरी केली, १९८६ मध्ये कोकुहोतली नागरिकत्वाची अट काढली, आणि जुलै २०१२ पासून तीन महिन्यांवर राहणाऱ्या परदेशी माणसाची नोंद जपान्यांच्याच रहिवासी यादीत होते. हे दार परदेशी लोकांसाठी हळूहळू उघडलं गेलं आहे. त्यातून आत जायला संकोच कसला?

मिस्टरांनी नोकरी सुटल्याचं इमिग्रेशनला कळवलं आहे का, हेही विचारा. १४ दिवसांत कळवायचं असतं, ऑनलाइनही होतं. राहिलं असेल तर आजच करा. त्यांच्या प्रकारच्या व्हिसावर सबळ कारणाशिवाय तीन महिन्यांहून जास्त काळ ते काम न करता राहिलं, तर व्हिसा रद्द होऊ शकतो. प्रामाणिकपणे नोकरी शोधत असणं हे सबळ कारण धरतात, पण ते दाखवता आलं पाहिजे. मुलाखतींच्या ईमेल, अर्जांच्या नोंदी, हॅलो वर्कचं नाव, सगळं एका फाइलला लावा. आणि पेन्शन विसरू नका: नोकरी सुटल्यावर दोघांनाही, तुम्हालाही, राष्ट्रीय पेन्शनमध्ये वॉर्डातच नाव घालावं लागतं. बेकारीमुळे त्याचे हप्ते माफ करून घेण्याचा अर्ज करता येतो. त्याच दिवशी शेजारच्या खिडकीवर उरकेल.

मिस्टरांच्या चिडण्याबद्दल मला वाटतं ते सांगते. हा राग तुमच्यावर नाही. ज्या माणसाने नोकरी गेल्याचं आईलाही सांगितलेलं नाही, त्याला सरकारी खिडकीवर "मला काढलं" हे मोठ्याने म्हणावं लागणं जड जात असणार. सहा महिने ते हे ओझं एकटे वाहताहेत. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, पण त्यांच्या मूडची वाट पाहूनही चालणार नाही. आज रात्री एवढंच म्हणा: "मी उद्या जाऊन नाव घालून येते. तुम्ही हॅलो वर्कचं बघा. पैशाचं आपण दोघं मिळून बसून ठरवू." काम वाटून दिलं की माणूस हलतो. आणि सासूबाईंना कळू द्या. त्या तीन महिने तुमच्या घरात राहणार आहेत, तेव्हा रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडण्याचं नाटक करण्यापेक्षा आत्ता एका फोनवर सांगितलेलं बरं. हे सांगणं मात्र मिस्टरांचं काम आहे, तुम्ही परस्पर सांगू नका.

सासूबाईंचं नाव कोकुहोत घालता येणार नाही. त्या ९० दिवसांच्या व्हिसावर येणार, वॉर्डाच्या यादीत त्यांची नोंद होत नाही. कुटुंबाचा व्हिसा साधारणपणे नवरा-बायको आणि मुलांपुरताच असतो. मिस्टरांना नोकरी लागून कंपनीचा विमा मिळाला तरी उपयोग नाही. एप्रिल २०२० पासून आश्रिताचं राहणं जपानमध्येच असावं, असा नियम आहे, तेव्हा भारतातल्या आईवडिलांना त्यात घालता येत नाही. त्यांच्यासाठी भारतातूनच प्रवास विमा घ्या, आणि स्वस्तातला पहिला दिसला म्हणून नको. आधीपासूनच्या शुगरमुळे काही झालं तर पैसे देतात का, हे लेखी विचारून घ्या. विमा नसलेल्या पाहुण्याला जपानची काही हॉस्पिटलं ठरल्या दरापेक्षाही जास्त आकारतात.

औषधांचंही आत्ताच बघा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती तशीच आणता येतात. तीन महिन्यांच्या गोळ्या आणायच्या तर येण्याआधी युन्यू काकुनिनशो नावाची परवानगी काढावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट इंग्रजीत घ्या आणि निघण्याच्या पुरेसं आधी अर्ज करा. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांना जपानमध्ये बंदी आहे, तेव्हा घरातला औषधांचा डबा उचलून तसाच बॅगेत भरू नका म्हणावं.